विहंगम दृष्टी आणि ओळख : विस्तृत क्षेत्राच्या टेहळणीसाठी कॅमेऱ्याच्या निवडीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

मोठ्या मोकळ्या जागेवर नजर ठेवण्यासाठी कोणता कॅमेरा घ्यावा, हा प्रश्न नगरपालिका, रेल्वे स्थानके, बंदरे, बाजार समित्या, देवस्थाने आणि शिक्षणसंस्था यांच्यापुढे वारंवार उभा राहतो. या प्रश्नाला साधारणपणे तीन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर म्हणजे एकाच मत्स्यनेत्र भिंगातून १८० किंवा ३६० अंशांचा परिसर टिपणारा विहंगम कॅमेरा. दुसरे म्हणजे एकाच आवरणात चार किंवा अधिक भिंगे व संवेदक बसवून त्यांची चित्रे जोडणारा बहुसंवेदक कॅमेरा. तिसरे म्हणजे पीटीझेड या नावाने ओळखला जाणारा, वळणारा, झुकणारा आणि दूरची वस्तू जवळ आणून दाखवणारा फिरता कॅमेरा. निविदेच्या कागदांत ही निवड निव्वळ तांत्रिक व आर्थिक स्वरूपाची भासते. प्रत्यक्षात तिच्यामागे सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे आणि त्या इतिहासात एकच पेच पुनःपुन्हा समोर आलेला दिसतो.

तो पेच असा. नजरेचा विस्तार वाढवला की तपशील विरळ होतो आणि तपशील दाट केला की विस्तार आकसतो. काहीतरी घडत आहे हे 'लक्षात येणे' आणि ते कोण करीत आहे हे 'ओळखता येणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विहंगम दृष्टी पहिल्या गोष्टीसाठी उपयुक्त ठरते, दुसरीसाठी ती एकटी सहसा अपुरी पडते. या दोहोंची गल्लत झाली की संस्थेला सर्व काही दिसल्याचे समाधान मिळते, पण गरजेच्या वेळी हाती एकही चेहरा लागत नाही. प्रस्तुत निबंधात या पेचाचा ऐतिहासिक मागोवा घेऊन, त्याच्या प्रकाशात कॅमेऱ्याच्या निवडीचे निकष स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. बुरूज आणि मेट : टेहळणीची पूर्वपरंपरा

विस्तृत प्रदेशावर नजर ठेवण्याची गरज यंत्रयुगाने निर्माण केलेली नाही. महाराष्ट्रातील दुर्गरचनेत तिचा विचार बारकाईने झालेला आढळतो. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्य यांनी सिद्ध केलेल्या 'आज्ञापत्र' या ग्रंथात दुर्गांचा स्वतंत्र विचार केलेला आहे. किल्ल्यालगत त्याच्यावर वरचढ ठरणारा दुसरा डोंगर असणे हा दोष मानला आहे, तसेच किल्ल्याला एकच दरवाजा असणे हीही मोठी उणीव मानली आहे. पहिल्या सूचनेत दृष्टीच्या व माऱ्याच्या टप्प्याचे भान आहे, तर दुसरीत येण्याजाण्याच्या वाटांचे.

टेहळणीच्या बुरुजावरून मैलोगणती मुलूख दिसे. धुळीचा लोट, रात्रीची शेकोटी, वाटेवरून सरकणारी काळी रांग एवढे वरून कळत असे. मात्र येणारा व्यापारी आहे, ओळखीचा गावकरी आहे की वेषांतर केलेला शत्रू, हे बुरुजावरून ठरत नसे. त्यासाठी डोंगराच्या अंगावर, चढणीच्या वाटांवर मेटे असत आणि दरवाजावर चौकी असे. माणसाला थांबवून त्याचा चेहरा पाहणे हे मेटकऱ्याचे काम होते. विस्तारासाठी उंच जागा आणि ओळखीसाठी अरुंद वाट, अशी ही कामाची वाटणी होती. पुढील विवेचनात हीच वाटणी वेगवेगळ्या साधनांच्या रूपाने पुन्हा आढळेल.

२. बार्कर आणि बेंथॅम : सर्वदर्शनाच्या दोन कल्पना

'पॅनोरमा' हा शब्द अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला. मूळचे आयर्लंडचे व एडिंबरोमध्ये स्थायिक झालेले चित्रकार रॉबर्ट बार्कर यांनी १७८७ मध्ये वर्तुळाकार भिंतीवर सभोवतालचे संपूर्ण दृश्य रंगवून दाखवण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळवले. पुढे त्यांनी लंडनमधील आल्बियन गिरणीच्या छपरावरून दिसणारे शहराचे दृश्य प्रदर्शित केले आणि १७९३ मध्ये लेस्टर चौकात यासाठी खास गोलाकार इमारत उघडली. प्रेक्षक मध्यभागी उंचावलेल्या चौथऱ्यावर उभे राहून चारही दिशांना नजर फिरवीत.

या रचनेतील एक बाब विशेष लक्षणीय आहे. प्रेक्षकाने चित्राच्या फार जवळ जाऊ नये यासाठी मध्यभागी अडसर असावा, याची तरतूद बार्कर यांच्या मूळ योजनेतच होती. सर्व दिशांचे दृश्य खरे भासावे यासाठी ठरावीक अंतर राखणे आवश्यक होते. विहंगम दृश्याला जवळून पाहणे सोसत नाही, ही मर्यादा त्याच्या जन्मापासून त्याच्यासोबत आहे.

त्याच काळात इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथॅम यांनी, आपले बंधू सॅम्युएल यांच्या मूळ कल्पनेच्या आधारे, 'पॅनॉप्टिकॉन' या तुरुंगाचा आराखडा मांडला. त्यासंबंधीची पत्रे १७८७ मधील असून ग्रंथ १७९१ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्तुळाच्या परिघावर कोठड्या आणि मध्यभागी निरीक्षकाचे दालन, अशी ती रचना होती. निरीक्षकाला प्रत्येक कैदी दिसावा, पण निरीक्षक या क्षणी आपल्याकडे पाहत आहे की नाही हे कैद्याला कळू नये, असा तिचा हेतू होता. ब्रिटिश सरकारने अखेर ही योजना सोडून दिली आणि बेंथॅम यांच्या हयातीत त्यांच्या आराखड्यानुसार इंग्लंडमध्ये तुरुंग उभा राहिला नाही.

मध्यवर्ती मनोऱ्याची कल्पना मात्र निरनिराळ्या रूपांत जगभर पसरली. अंदमानातील पोर्ट ब्लेअर येथे १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या सेल्युलर जेलमध्ये मध्यवर्ती मनोऱ्यापासून सात तीनमजली शाखा चाकाच्या आऱ्यांप्रमाणे निघत होत्या. विनायक दामोदर सावरकर १९११ ते १९२१ या काळात येथे बंदिवान होते, त्यामुळे मराठी वाचकाला ही वास्तू परिचित आहे. तथापि हा तुरुंग शब्दशः पॅनॉप्टिकॉन नव्हता. मनोऱ्यावरून शाखांवर आणि कोठड्यांपुढील व्हरांड्यांवर लक्ष ठेवता येई. बंद कोठडीतला माणूस काय करतो हे पाहण्यासाठी मात्र पहारेकऱ्याला तिच्या दारापर्यंत जावे लागे. एका शाखेच्या कोठड्यांची दारे दुसऱ्या शाखेच्या पाठीकडे येतील अशी योजना होती, जेणेकरून कैद्यांचा परस्परांशी संपर्क होऊ नये. म्हणजेच येथेही मनोरा हालचालीसाठी आणि पहारेकरी माणसासाठी होता.

३. भिंगाचा विस्तार : छायाचित्रणापासून आकाशनिरीक्षणापर्यंत

छायाचित्रणाचा शोध लागल्यावर अवघ्या काही वर्षांत विहंगम छायाचित्राचे प्रयत्न सुरू झाले. पॅरिसमध्ये फ्रीड्रिख फॉन मार्टेन्स यांनी १८४० च्या दशकाच्या मध्यास फिरत्या भिंगाचा कॅमेरा तयार करून वक्र पट्टीवर सुमारे १५० अंशांचे दृश्य टिपले. इंग्लंडमध्ये थॉमस सटन यांनी १८५९ मध्ये पाण्याने भरलेल्या गोलाकार भिंगाचा कॅमेरा सिद्ध केला. अमेरिकेत १९०४ मध्ये पेटंट मिळालेला 'सर्कट' कॅमेरा संपूर्ण ३६० अंशांत फिरत असे आणि लांबलचक फिल्मवर मोठ्या जनसमुदायांची छायाचित्रे घेण्यासाठी पुढील काही दशके वापरला गेला. फिरणाऱ्या कॅमेऱ्याची मर्यादाही त्यातून दिसून आली. चित्राचा डावा भाग आणि उजवा भाग एकाच क्षणाचे नसत.

एकाच क्षणी सर्व दिशा टिपण्याचा मार्ग वेगळ्या दिशेने आला. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०६ मध्ये पाण्याखालून माशाला वरचे जग कसे दिसत असेल याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाण्याच्या पृष्ठभागावर होणाऱ्या अपवर्तनामुळे क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचे सर्व दृश्य एका वर्तुळात सामावते, हे त्यांनी पाण्याने भरलेल्या कॅमेऱ्याच्या साहाय्याने दाखवले. 'मत्स्यनेत्र' ही संज्ञा तेथून आली. १९२४ मध्ये केंब्रिज येथील रॉबिन हिल यांनी संपूर्ण आकाशाचे एकाच छायाचित्रात चित्रण करणाऱ्या भिंगाची माहिती हवामानशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. प्रकाशसंश्लेषणातील 'हिल अभिक्रिया' ज्यांच्या नावाने ओळखली जाते तेच हे शास्त्रज्ञ होत.

हिल यांचे भिंग ढगांसाठी होते, ही गोष्ट या विषयात महत्त्वाची आहे. हवामानशास्त्रज्ञाला आकाशाचा किती भाग व्यापला आहे आणि ढग कोणत्या दिशेने सरकत आहेत हे जाणून घ्यायचे असते. चित्राच्या कडेला आकार वाकडे झाले तरी त्याचे नुकसान होत नाही, कारण वाकडेपणाचे गणित ठाऊक असते. मत्स्यनेत्र भिंगाचा हा पहिला व्यावहारिक उपयोग त्याच्या स्वभावाला धरूनच होता. तेच भिंग पुढे माणसांवर रोखले गेले, तेव्हा अपेक्षा बदलली आणि अडचण सुरू झाली.

४. 'दिसणे' मोजण्याची पद्धत

बंदिस्त परिपथ दूरचित्रवाणीचा, म्हणजे सीसीटीव्हीचा, प्रारंभ दुसऱ्या महायुद्धातील जर्मनीत मानला जातो. १९४२ मध्ये पीनमुंडे येथे व्ही-२ अग्निबाणाचे उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहता यावे यासाठी वॉल्टर ब्रुख यांनी अशी यंत्रणा उभारली. रस्त्यावर कायमस्वरूपी कॅमेरे लावण्याचा प्रयोग अमेरिकेतील ओलीन या गावी १९६८ मध्ये झाला, तर ब्रिटनमध्ये बोर्नमथ येथे १९८५ मध्ये सार्वजनिक जागी कॅमेरे बसवण्यात आले.

कॅमेऱ्याने 'काय दिसते' हे ठरवण्यासाठी मोजमापाची गरज प्रथम लष्कराला भासली. अमेरिकी लष्करातील शास्त्रज्ञ जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये प्रतिमेतील तपशील आणि निरीक्षकाला होणारे आकलन यांचा संबंध मांडला. लक्ष्याच्या लहान बाजूवर सरासरी १ रेषाजोडी स्पष्ट दिसत असेल तर काहीतरी आहे एवढे कळते. ते कोणत्या प्रकारचे आहे हे कळण्यास सुमारे ४ आणि नेमके कोणते हे कळण्यास सुमारे ६.४ रेषाजोड्या लागतात, असे त्यांना आढळले. या आकड्यांमुळे 'दिसणे' या एका क्रियापदाचे तीन वेगळे अर्थ प्रथमच मोजता आले.

ब्रिटनच्या गृहखात्याने हाच विचार सार्वजनिक कॅमेऱ्यांसाठी वापरला. माणसाच्या आकृतीने पडद्याच्या उंचीचा १० टक्के भाग व्यापला तर अस्तित्व कळते, ५० टक्के व्यापला तर परिचित माणूस ओळखू येतो आणि अनोळखी माणसाची निर्विवाद ओळख पटवण्यासाठी १२० टक्के, म्हणजे पडद्यात न मावणारी आकृती हवी, असे प्रमाण मानले गेले. अंकीय कॅमेरे आल्यावर पडद्याच्या उंचीऐवजी पिक्सेल मोजणे सोयीचे झाले. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या २०१४ मधील मानकात दृश्यातील प्रत्येक मीटरमागे किती पिक्सेल पडतात यावरून श्रेणी ठरवण्यात आल्या. सर्वसाधारण देखरेखीसाठी १२.५, अस्तित्वाची नोंद घेण्यासाठी २५, निरीक्षणासाठी सुमारे ६२, परिचित व्यक्ती ओळखण्यासाठी १२५ आणि निर्विवाद ओळख पटवण्यासाठी २५० पिक्सेल, असे ते प्रमाण होते.

अस्तित्व आणि ओळख यांच्यात दहापट अंतर आहे. विहंगम कॅमेऱ्याच्या जाहिरातीत एकूण पिक्सेलांचा आकडा ठळक असतो. तथापि तो आकडा किती अंशांत वाटला जातो, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ प्राप्त होत नाही.

५. वाकडे चित्र सरळ करणे : संगणकाची भूमिका

१९९० च्या दशकात मत्स्यनेत्र भिंगाला संगणकाची जोड मिळाली. अमेरिकेत स्टीव्हन झिमरमन यांना १९९३ मध्ये एका पद्धतीचे पेटंट मिळाले. मत्स्यनेत्र भिंगातून आलेल्या गोल चित्राचा हवा तो भाग गणिताने सरळ करून, कॅमेरा जागचा न हलवता वळवल्याचा परिणाम साधणे, हे तिचे स्वरूप होते. १९९७ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील भारतीय वंशाचे संगणकशास्त्रज्ञ श्री के. नायर यांनी वक्र आरसा व भिंग यांच्या संयोगातून सर्वदिशादर्शी कॅमेरा मांडला. दरम्यान १९९६ मध्ये स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने संगणकजालाला थेट जोडता येणारा कॅमेरा बाजारात आणला होता. या तीन धाग्यांतून आजचा विहंगम सुरक्षा कॅमेरा विणला गेला.

यात एक मोठा लाभ झाला. फिरता कॅमेरा ज्या दिशेला पाहत नसतो त्या दिशेची नोंद कायमची हुकते. विहंगम कॅमेऱ्यात सर्व दिशांची नोंद एकाच वेळी होत असल्याने घटना घडून गेल्यावरही हव्या त्या दिशेला 'वळून' पाहता येते. मात्र संगणक वाकडेपणा दूर करतो, तपशील निर्माण करीत नाही. संवेदकावर जो तपशील मुळातच उमटला नाही, तो सरळ केलेल्या चित्रात येऊ शकत नाही.

६. तीन पर्यायांची तुलना

वरील मोजमापाच्या आधारे तिन्ही पर्यायांचा अंदाज साध्या गणिताने करता येतो.

एका १२ मेगापिक्सेल मत्स्यनेत्र कॅमेऱ्यात प्रतिमेच्या वर्तुळाचा व्यास सुमारे ३००० पिक्सेल धरला, तर १८० अंशांत ते वाटले जाऊन एका अंशाला सुमारे १६.७ पिक्सेल येतात. १० मीटर अंतरावर एक अंश म्हणजे सुमारे १७.५ सेंटीमीटर. म्हणजे तेथे मीटरमागे सुमारे ९५ पिक्सेल मिळतात. २५ पिक्सेलांची मर्यादा सुमारे ३८ मीटरवर येते आणि २५० पिक्सेलांची मर्यादा चार मीटरच्याही आत येते. भिंगाच्या कडेची अस्पष्टता, रात्रीचा अपुरा प्रकाश आणि चित्राचे संक्षेपण लक्षात घेता प्रत्यक्षातील अंतर याहून कमीच भरते.

प्रत्येकी ५ मेगापिक्सेलांच्या चार संवेदकांचा कॅमेरा घेतला, तर एका संवेदकाची रुंदी २५९२ पिक्सेल धरून पूर्ण परिघावर १०,३६८ पिक्सेल मिळतात. १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ सुमारे ६२.८ मीटर असल्याने तेथे मीटरमागे सुमारे १६५ पिक्सेल पडतात. अस्तित्वाची नोंद सुमारे ६६ मीटरपर्यंत आणि निर्विवाद ओळख सुमारे साडेसहा मीटरपर्यंत शक्य होते. तपशिलात ही निश्चितच सुधारणा आहे. पण चार भिंगे एकाच बिंदूतून पाहत नसल्यामुळे जोडाच्या रेषेवर जवळची वस्तू दुभंगलेली किंवा अर्धवट दिसू शकते. अशा कॅमेऱ्याची किंमत, त्याला लागणारी साठवण आणि जालावरील भार हेही अधिक असतात.

फिरत्या कॅमेऱ्याचे भिंग पूर्ण जवळ आणल्यावर त्याची नजर सुमारे २ अंशांपर्यंत अरुंद होते असे मानले, तर १०० मीटरवर जेमतेम साडेतीन मीटर रुंदीचे दृश्य १९२० पिक्सेलांत येते. मीटरमागे सुमारे ५५० पिक्सेल हे प्रमाण ओळखीसाठी पुरेसे आहे. परंतु त्या क्षणी उरलेले ३५८ अंश नोंदीबाहेर राहतात. तो कॅमेरा योग्य दिशेला वळवणारा जागरूक माणूस किंवा यंत्रणा नसेल, तर त्याची शक्ती वाया जाते.

या तुलनेतून 'उत्तम कॅमेरा' असा एकच निघत नाही. खुल्या मैदानाच्या मध्यभागी खांबावर विहंगम कॅमेरा आणि प्रवेशद्वारावर साधा स्थिर कॅमेरा, ही जोडी अनेकदा एका महागड्या कॅमेऱ्यापेक्षा अधिक उपयोगी ठरते. चार मीटर रुंदीच्या फाटकावर रोखलेला साधा पूर्ण-एचडी कॅमेरा मीटरमागे ४८० पिक्सेल देतो. बुरूज आणि मेट यांची वाटणी येथे नव्या रूपात परत येते.

७. महाराष्ट्राचा अनुभव

महाराष्ट्रात सार्वजनिक जागांवरील कॅमेऱ्यांच्या चर्चेला २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यानंतर निर्णायक वळण मिळाले. त्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर वृत्तपत्र छायाचित्रकार सेबॅस्टियन डिसूझा यांनी दूरदर्शी भिंगातून टिपलेली अजमल कसाबची छायाचित्रे जगभर पोहोचली आणि खटल्यातही पुरावा म्हणून महत्त्वाची ठरली. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी या खटल्याचा अंतिम निकाल दिला. ही छायाचित्रे कुठल्याही विहंगम नजरेतून आली नव्हती. माणसाने जीव धोक्यात घालून, नेमक्या दिशेला, अरुंद भिंगातून ती घेतली होती.

हल्ल्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या राम प्रधान समितीच्या शिफारशींनंतर मुंबईसाठी शहरव्यापी कॅमेरा प्रकल्प हाती घेण्यात आला. ऑक्टोबर २०१६ पर्यंत सुमारे १,५०० ठिकाणी सुमारे ४,७०० कॅमेरे बसवून तो कार्यान्वित झाला. त्यात स्थिर आणि फिरते असे दोन्ही प्रकारचे कॅमेरे होते. एका शहरासाठी एकच प्रकार पुरेसा नाही, हे या रचनेत गृहीत होते.

गर्दीच्या व्यवस्थापनात मात्र विहंगम दृष्टीचे महत्त्व वेगळ्या प्रकारे प्रत्ययास येते. नाशिक येथील सिंहस्थ कुंभमेळ्यात २७ ऑगस्ट २००३ रोजी झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा मृत्यू झाला. अशा प्रसंगी कोण उभे आहे हा प्रश्न गौण असतो, प्रत्येक चौरस मीटरमध्ये किती जण उभे आहेत हा मुख्य असतो. अमेरिकन अभियंता जॉन फ्रुइन यांनी १९९३ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे घनता चौरस मीटरमागे सुमारे सात माणसांवर गेली की गर्दी जवळजवळ द्रवासारखी वाहू लागते आणि व्यक्तीचा स्वतःच्या हालचालीवर ताबा राहत नाही. अशी घनता वेळीच लक्षात आणून देण्यास मीटरमागे १२ ते २५ पिक्सेल पुरतात, पण घाटाचा कोणताही कोपरा नजरेआड असता कामा नये. हिल यांच्या ढगांच्या भिंगाप्रमाणेच येथे प्रश्न व्याप्तीचा आणि प्रवाहाचा आहे. अर्थात चित्र पाहून वाट मोकळी करण्याचा अधिकार असलेला अधिकारी पडद्यासमोर नसेल, तर कॅमेरा कितीही विहंगम असला तरी तो दुर्घटनेची केवळ नोंद ठेवतो.

निवडीत हवामानाचाही विचार अपरिहार्य ठरतो. कोकण व घाटमाथ्याच्या पावसात उघड्यावरील काचेच्या घुमटावर थेंब साचले की स्थिर कॅमेऱ्याचे एक दृश्य बिघडते, पण विहंगम कॅमेऱ्याचे सर्वच दृश्य एकाच वेळी बिघडू शकते. रात्रीच्या अवरक्त दिव्याचा प्रकाशही एका दिशेऐवजी सर्व दिशांना वाटला गेल्याने त्याचा पल्ला घटतो.

८. पुरावा आणि खाजगीपणा

कॅमेऱ्याचे चित्र अखेरीस न्यायालयात उभे राहते की नाही, हा निवडीतील दुर्लक्षित प्रश्न आहे. या संदर्भात जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीवरून उद्भवलेले अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हे प्रकरण मूलभूत मानले जाते. उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाला होता का, हे ठरवण्यासाठी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील व्हिडिओ चित्रीकरणाचा आधार घेण्यात आला होता. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी दिलेल्या निकालात एक तत्त्व स्पष्ट केले. मूळ उपकरण न्यायालयात सादर केले जात नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५ब अन्वये प्रमाणपत्र आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये या प्रमाणपत्राची तरतूद पुढे चालू राहिली.

विहंगम कॅमेऱ्याच्या बाबतीत यातून एक व्यावहारिक प्रश्न निर्माण होतो. पडद्यावर दिसणारे सरळ चित्र ही मूळ नोंद नसून गोल चित्रावर प्रक्रिया करून काढलेली प्रतिमा असते. जी यंत्रणा केवळ सरळ केलेले तुकडे साठवते आणि मूळ गोल चित्र टाकून देते, ती सोयीची असली तरी तिच्यात पडताळणीचा आधार हरवतो. मूळ चित्र जसेच्या तसे साठवले जाते का, हा प्रश्न खरेदीपूर्वीच विचारणे इष्ट ठरते.

ओळखीच्या दुसऱ्या बाजूला खाजगीपणाचा हक्क उभा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले. विस्तृत दृष्टीत माणूस ठिपक्याएवढाच दिसतो, म्हणून तिच्यामुळे खाजगीपणा भंग होत नाही, असा युक्तिवाद अनेकदा केला जातो. अमेरिकेतील बाल्टिमोर शहराचा अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे. तेथे २०२० मध्ये सहा महिने विमानांतून शहराच्या सुमारे ९० टक्के भागाचे दिवसा अखंड चित्रण करण्यात आले. त्यात माणूस जेमतेम एका पिक्सेलाएवढा दिसे. तरीही जून २०२१ मध्ये तेथील संघीय अपील न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य असण्याची दाट शक्यता मान्य केली. ठिपक्याचा माग काढीत गेले आणि त्याला जमिनीवरील कॅमेऱ्यांची जोड दिली, की त्या ठिपक्याचे नाव कळू शकते, हे त्यामागील कारण होते. बुरूज आणि मेट एकत्र आले की ओळख पटते. हीच या जोडीची उपयुक्तता आहे आणि हाच तिचा धोकाही आहे.

याउलट, सत्तेवर नजर ठेवण्यासाठीही कॅमेरा वापरला जाऊ शकतो. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातील पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवण्याचे आदेश दिले. त्या आदेशात प्रवेश व निर्गमनाची ठिकाणे, कोठड्या, व्हरांडे, स्वागतकक्ष अशा जागांची नावे घेऊन कोणताही भाग नजरेआड राहू नये असे सांगितले आहे आणि नोंदी किमान एक वर्ष जतन करण्याची अपेक्षा व्यक्त केली आहे. आधी जागा, मग प्रयोजन आणि त्यानंतर यंत्र, हा क्रम खरेदी करणाऱ्या प्रत्येक संस्थेला अनुसरण्याजोगा आहे.

निष्कर्ष :

१) बार्कर यांच्या चित्रदालनापासून आजच्या बहुसंवेदक कॅमेऱ्यापर्यंत विहंगम दृष्टीचा विस्तार हा तपशिलाच्या मोबदल्यात मिळालेला आहे. पिक्सेलांची संख्या वाढल्याने ही देवाणघेवाण सौम्य झाली, संपलेली नाही.

२) कॅमेऱ्याची निवड करताना एकूण मेगापिक्सेलांऐवजी, आवश्यक त्या अंतरावर मीटरमागे किती पिक्सेल मिळतात हा निकष ठेवणे आवश्यक आहे. निविदेत प्रत्येक जागेसाठी 'अस्तित्व', 'निरीक्षण' किंवा 'ओळख' यांपैकी कोणते प्रयोजन आहे ते स्वतंत्रपणे नमूद केले पाहिजे.

३) गर्दी, पूरस्थिती, वाहनतळ, खुली मैदाने येथे विहंगम कॅमेरा श्रेयस्कर ठरतो. प्रवेशद्वारे, तिकीट खिडक्या आणि अरुंद वाटा येथे स्थिर कॅमेरा आवश्यक ठरतो. फिरता कॅमेरा तेथेच घ्यावा, जेथे तो चालवणारे प्रशिक्षित मनुष्यबळ सतत उपलब्ध आहे.

४) मूळ प्रतिमेचे जतन, प्रमाणपत्राची सोय, नोंदी ठेवण्याची व नष्ट करण्याची मुदत आणि त्या पाहण्याचा अधिकार कोणाला, या गोष्टी निवडीचाच भाग मानल्या पाहिजेत.

५) विस्तार आणि ओळख यांचा संयोग जितका परिणामकारक, तितके त्याच्यावर कायद्याचे नियंत्रण आवश्यक आहे. बुरुजावरचा पहारेकरी आणि वाटेवरचा मेटकरी दोघेही किल्लेदाराला जबाबदार असत. आजच्या कॅमेऱ्यामागे बसणारा कोणाला जबाबदार आहे, याचे उत्तर खरेदीच्या कागदावर सही होण्यापूर्वी मिळाले पाहिजे.